पाहुणा मेजवान होतो तेव्हा

मराठीत आपण 'मेजवानी' हा शब्द सर्रास वापरतो आणि त्याचा अर्थ थाटाचे जेवण असा घेतो. हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'मेजबान' म्हणजे यजमान आणि 'मेजबानी' म्हणजे यजमानपण. मुळात या शब्दाचा रोख ताटातल्या पदार्थांपेक्षा वाढणाऱ्याकडे अधिक आहे. कोण वाढतो आणि कोण वाढून घेतो, या प्रश्नात माणसाच्या प्रतिष्ठेचा मोठा भाग दडलेला असतो.

शिकण्यासाठी घर सोडलेल्या विद्यार्थ्याला हे यजमानपण सहसा लाभत नाही. तो मेसमध्ये जेवतो, होस्टेलात झोपतो आणि भाड्याच्या खोलीत राहिला तर घरमालकाच्या मर्जीने राहतो. पैसे मोजूनही तो वर्षभर कुणाचा तरी पाहुणाच असतो. असे विद्यार्थी वर्षातून एखाद्या संध्याकाळी वर्गणी काढून, आपल्या मुलखाचा पोशाख घालून, आपल्या मुलखाचे जेवण इतरांना वाढतात, तेव्हा तो नुसता खाण्यापिण्याचा कार्यक्रम राहत नाही. नायजेरियाच्या विद्यार्थ्यांमध्ये अशा औपचारिक मेजवानीची चांगलीच रीत आहे. आम्हाला या लेखात तिथून सुरुवात करून नांदेड आणि लातूरच्या दस्तरखानापर्यंत यायचे आहे. वाट लांबची वाटेल. पण वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण या वाटेवर आपली स्वतःची गाठ पडणार आहे.

१९४८ साली नायजेरियातील इबादान येथे लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झाले. चिनुआ अचेबे आणि वोले शोयिंका हे पुढे जगभर गाजलेले लेखक याच कॉलेजचे विद्यार्थी. इंग्रजांनी आपल्याकडच्या जुन्या विद्यापीठांचा शिरस्ता तिथे नेला होता. विद्यार्थ्यांनी अंगावर झगा चढवून भोजनगृहात जायचे, अध्यापकांनी उंचावरच्या मेजाशी बसायचे, काटा-चमचा कसा धरायचा ते शिकायचे. शिक्षणाबरोबर जेवण्याची पद्धतही शिकवली जात होती आणि या पद्धतीतून 'सुसंस्कृत कोण' याचा निवाडाही होत होता. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. विद्यापीठे वाढली आणि औपचारिक मेजवानीची रीतही टिकली. पण तिचा पोशाख बदलला आणि ताटातले पदार्थ बदलले. इंग्रजांच्या मेजावर नायजेरियन माणूस यजमान म्हणून बसू लागला.

आज जिथे जिथे नायजेरियन विद्यार्थी पुरेशा संख्येने असतात, तिथे अशा संध्याकाळी योरुबा मुलगे 'अगबाडा' हा रुंद बाह्यांचा पायघोळ झगा घालतात. उत्तरेकडचे हौसा मुसलमान त्यांचा 'बब्बन रिगा' घालून टोपी चढवतात. मुली डोक्याला 'गेले' बांधतात. ताठ कापडाच्या फुललेल्या घड्यांचा तो जणू मुकुटच. 'असो एबी' नावाची एक प्रथा आहे. तिचा शब्दशः अर्थ कुटुंबाचे कापड. समारंभातल्या आप्तेष्टांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे, म्हणजे पाहणाऱ्याला कळावे की ही सगळी एका घरची माणसे आहेत. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या मुलांना या प्रथेत काय दिलासा मिळत असेल, हे वेगळे सांगायला नको.

जेवणात मुख्य मान 'जोलोफ' भाताचा. टोमॅटो, लाल मिरची आणि कांदा यांच्या दाट रश्शात तांदूळ शिजवतात. मोठ्या समारंभाचा जोलोफ लाकडाच्या जाळावर शिजतो आणि तळाशी लागलेल्या खरवडीचा धुरकट वास सगळ्या भाताला येतो. ज्यांनी आपल्याकडच्या लग्नात चुलाणावरच्या डेगीतला बगारा खाना खाल्ला आहे, त्यांना हा वास परका वाटणार नाही. चवळीच्या वाटणाचे वाफवलेले 'मोईमोई', शेंगदाणा आणि तिखटाचा मसाला लावून भाजलेले मांसाचे तुकडे म्हणजे 'सुया', आणि लाल अंबाडीच्या बोंडांचे 'झोबो' हे सरबत. नाच सुरू झाला की नाचणाऱ्यावर नोटा उधळल्या जातात. आपल्या कव्वालीच्या मैफलीत नोटा उधळताना पाहिलेल्यांना त्याचेही नवल वाटू नये.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. नायजेरियात मुसलमान आणि ख्रिस्ती हे दोन मोठे धर्मसमुदाय आहेत आणि पाचशेहून अधिक भाषा आहेत. तिथल्या सार्वजनिक समारंभात एक मुस्लिम दुआ आणि एक ख्रिस्ती प्रार्थना अशा दोन्ही म्हणण्याची रीत आढळते. या देशाने १९६७ ते १९७० असे यादवी युद्ध भोगले आहे, धार्मिक दंगली भोगल्या आहेत, २००९ पासून बोको हरामचा हिंसाचार भोगला आहे. तेव्हा ही रीत म्हणजे सगळे आलबेल असल्याची खूण समजू नये. भांडण ठाऊक असलेल्या माणसांनी जेवणापुरता का होईना, शोधलेला तो मार्ग आहे. जेवणाआधी कुणाची प्रार्थना म्हणायची, हा प्रश्न आपल्याही इतिहासात एकदा उभा राहिला होता. त्याचे उत्तर आपल्याकडे फार वाईट निघाले.

आता मराठवाड्याकडे येऊ. नांदेड आणि लातूर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात होते आणि त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. उदगीर, निलंगा ही गावे बीदर जिल्ह्यात मोडत. १९१८ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले आणि पुढच्या वर्षी तिथे वर्ग सुरू झाले. भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, उच्च शिक्षण देणारे ते विद्यापीठ होते. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचे खाते आधीच उघडले होते. विज्ञान, कायदा, वैद्यक यांची पुस्तके तिथे उर्दूत आणली गेली. पुढे औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज निघाले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा उर्दूचा कोशकार तिथे प्राचार्य होता. पदवीसाठी मात्र हैदराबादच गाठावे लागे. नांदेड हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे गाव. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोहोचली. या गाड्यांनी मराठवाड्यातली मुले शिकायला बाहेर नेली.

उस्मानियाच्या विद्यार्थ्याचा पोशाख होता शेरवानी. हिंदू असो की मुसलमान, तेलुगू असो की मराठी, शेरवानी अंगावर आली की तो 'उस्मानियन' झाला. आमच्या कितीतरी घरांतल्या जुन्या लोखंडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट ती शेरवानी कुठे कुठे अजून सापडते. नायजेरियाच्या 'असो एबी'सारखेच हेही एका कुटुंबाचे कापड होते. हैदराबादी थाटाचे जेवण 'चौकी'वर होई. बुटक्या चौकोनी मेजाभोवती मंडळी जमिनीवर बसत आणि मधे ठेवलेल्या एका तबकातून बिर्याणी घेत. सोबत मिरची का सालन, दही की चटणी, शेवटी डबल का मीठा किंवा खुबानी का मीठा. पहिला घास कुणी घ्यावा, सोबत्याच्या पुढ्यात चांगला तुकडा कसा सरकवावा, त्याचे जेवण होण्याआधी हात कसा आवरू नये, याचे अलिखित नियम होते. तहजीब म्हणतात ती हीच. अनेक जुनी माणसे त्या दस्तरखानाच्या आठवणीने आजही हळवी होतात. त्या हळवेपणाची आम्ही थट्टा करणार नाही. पण इतिहास लिहिताना हळवेपणावर थांबता येत नाही.

कारण कुटुंबाचे कापड ठरवतो कोण? ज्याच्या हाती सत्ता तो. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. उर्दू माध्यमाचे विद्यापीठ हा इंग्रजीच्या वर्चस्वाला दिलेला मोठा जवाब होता, हे खरे. पण नांदेडजवळच्या खेड्यातून आलेल्या मराठी मुलासाठी उर्दूही परक्याचीच भाषा होती. त्यातल्या काहींनी ती आपलीशी केली. निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दू साधनांचे जे दालन मराठी वाचकांसाठी खुले केले, ते हैदराबाद संस्थानाच्या याच बहुभाषी वातावरणातून. पण ज्यांना ती भाषा लादलेली वाटली, त्यांचे वाटणे खोटे नव्हते.

१९३८ च्या नोव्हेंबरात हा ताण उघडा पडला. वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थी संपावर गेले आणि आंदोलन संस्थानभर पसरले. शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी आपले दार उघडले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या मुलांमध्ये होते. त्या गीताबद्दल मुसलमानांचे आक्षेप आम्हाला माहीत आहेत आणि ते निराधार आहेत असेही आम्ही म्हणत नाही. पण स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी स्वतःचे गीत म्हणणाऱ्या मुलांना घराबाहेर काढणारा यजमान हा यजमानपणात नापास झाला, हे आपण मुसलमानांनीच स्पष्टपणे बोलायला हवे. चौकीवर सोबत्याच्या पुढ्यात चांगला तुकडा सरकवण्याची तहजीब ज्या शहराने जगाला सांगितली, त्या शहराने हे केले.

अर्थात सगळेच गप्प नव्हते. उस्मानियातच शिकलेले मखदूम मोहिउद्दीन कष्टकऱ्यांच्या चळवळीत उतरले. उस्मानियाचेच पदवीधर शोएबुल्ला खान 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक होते. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे त्यांनी लिहिले आणि २२ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकारांनी त्यांचा खून केला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना हे नाव आपल्या मुलांना आपण किती वेळा सांगतो?

त्यानंतर अवघ्या महिन्याभरात सारे पालटले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांच्या अत्याचारांनी आधीच गावे होरपळली होती. कारवाईच्या वेळी आणि नंतर सूडाची जी लाट आली तिची सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या मुसलमानांना बसली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल दीर्घ काळ दडवून ठेवला गेला आणि २०१३ मध्ये लोकांना पाहायला मिळाला. मेलेल्यांत बहुतेक जण सामान्य माणसे होती. विणकर, शेतमजूर, छोटे दुकानदार. चौकीवरची बिर्याणी त्यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती. यजमानाच्या चुकीची किंमत त्याच्या दाराशी उभे राहणाऱ्यांनी चुकती केली.

याच सुमारास उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. मराठवाड्यातल्या मुसलमान मुलासाठी ज्ञानाची भाषा एका वर्षात बदलली. शेरवानी ट्रंकेत गेली ती याच वेळी. कालपर्यंत जो स्वतःला मेजवान समजत होता, तो एका रात्रीत स्वतःच्याच गावात मेहमान झाला. आणि तोही नकोसा. आमच्या मते मराठवाड्यातील मुसलमानांच्या मनाचा इतिहास लिहायचा तर तो या एका वाक्यापासून सुरू करावा लागेल.

पण गोष्ट तिथे संपली नाही, हे आपले भाग्य. १९५० साली औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि शतकानुशतके ज्यांना पंगतीबाहेर ठेवले होते त्यांची मुले वसतिगृहात एकत्र जेवू लागली. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. आता पदवीसाठी हैदराबादची गाडी धरायची गरज उरली नाही. या कॉलेजांतून मुसलमान मुले मराठीत शिकली, मराठीत वाद घालू लागली, मराठीत लिहू लागली. घरात दखनी, वर्गात मराठी, मशिदीत उर्दू. तुम्ही हा लेख ज्या भाषेत वाचत आहात ती भाषा त्या कॉलेजांच्या बाकांवरून आपल्या घरात पक्की झाली.

मात्र भाषा आपली झाली म्हणून खोली मिळतेच असे नाही. लातूर पॅटर्नचे नाव झाले तशी महाराष्ट्रभरातून मुले लातूर-नांदेडला शिकवणीसाठी येऊ लागली. दोन्ही गावांत मेस, खानावळी, होस्टेले यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. इथली मुले पुढे पुण्या-मुंबईला जातात. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर घरमालकाचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगावे लागेल? नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांना घर भाड्याने वा विकत मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. तुम्ही काय खाता, हा प्रश्न खोलीच्या दारात विचारला जातो आणि उत्तर ऐकून दार बंद होते.

इथे नायजेरियन विद्यार्थी पुन्हा आपल्या लेखात येतो. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एक किशोरवयीन मुलगा बेपत्ता झाला. शेजारी राहणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्ले, अशी अफवा उठली. लोक त्यांच्या घराची झडती घ्यायला शिरले. नंतर मुलाचा मृत्यू झाला आणि जमावाने एका मॉलमध्ये नायजेरियन विद्यार्थ्यांना बेदम मारले. त्याच गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर २०१५ मध्ये, दादरीजवळच्या बिसाहडा गावात घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून मोहम्मद अखलाक यांना जमावाने ठार केले होते. एका घरात नायजेरियन विद्यार्थी, दुसऱ्या घरात मुसलमान कुटुंब. दोन्ही ठिकाणी जमावाला जाणून घ्यायचे होते ते एकच: ही माणसे काय खातात? ज्याच्या ताटाबद्दल आपल्याला माहिती नसते त्याच्याबद्दल कोणतीही अफवा खरी वाटू शकते. औपचारिक मेजवानी देऊन, दार उघडून, 'या, आम्ही काय खातो ते पाहा आणि तुम्हीही खा' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे धाडस या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे.

आणि आपण? आपल्या गल्लीत एखादा आफ्रिकी विद्यार्थी दिसला की आपली पोरे मागून 'हबशी' म्हणून ओरडतात. शिवी म्हणूनच ओरडतात. हा शब्द शिवी कसा झाला? हबश म्हणजे इथिओपियाचा मुलूख. नायजेरिया तिथून हजारो मैल पश्चिमेला आहे, पण ओरडणाऱ्याला भूगोलाशी देणेघेणे नसते. मोगल सरदार खान-ए-दौरानने १६३६ मध्ये उदगीरचा किल्ला घेतला तेव्हा तिथला किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह. किल्ला गेल्यावर तो मोगलांच्या चाकरीत शिरला आणि 'हबश खान' हा किताब त्याने मिरवला. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या तटावर ज्याचा हुकूम चालत होता, त्याच्यासाठी 'हबश' हा किताब होता. त्याच्या आधी मलिक अंबर होऊन गेला. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० साली खडकी, म्हणजेच पुढचे औरंगाबाद, त्याने वसवले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. हैदराबादेत निजामाच्या पदरी आफ्रिकी घोडदळ होते, 'ए. सी. गार्ड्‌स' या मोहल्ल्याच्या नावात ते अजून जिवंत आहे. नांदेडहून उस्मानियाला गेलेल्या मुलांना ते घोडेस्वार रस्त्यात दिसत असतील. आज त्याच शहरात आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकतात.

याहून मागे जायचे तर इ.स. ६१५ मध्ये जाऊ. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी आपल्या अनुयायांना हबशला जायला सांगितले. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नज्जाशीने, त्यांना आसरा दिला आणि मक्केवाल्यांनी मागणी करूनही परत पाठवले नाही. इस्लामच्या इतिहासातले पहिले निर्वासित आफ्रिकेचे मेहमान होते. हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव आपण अदबीने घेतो, आपल्या मुलांना ठेवतो, आणि रस्त्यातल्या बिलालच्या भाईबंदाला शिवी देतो. यावर अधिक काय लिहावे?

ज्यांना धर्माचा दाखला पुरत नाही त्यांनी आपल्या ताटाकडे पाहावे. मराठवाड्याचे खरे अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. आजच्या सुदानच्या परिसरात माणसाने ती पहिल्यांदा लागवडीत आणली आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. बाजरीचे माहेरही आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला. चवळी तिथलीच. उत्तर नायजेरियातला हौसा शेतकरी आजही ज्वारीचे पीठ शिजवून त्याचा घट्ट गोळा रश्शाबरोबर खातो. लातूरचा शेतकरी तेच पीठ थापून भाजतो. झोबो सरबताची लाल अंबाडी आणि आपण भाजी करून खातो ती अंबाडी एकाच कुळातली. ज्या धान्याला आपण काळ्या मातीचे लेकरू समजतो, ते एके काळी पाहुणे म्हणून आले आणि इतके घरचे झाले की आता तेच सगळ्यांना जेवू घालते. कोण मूळचा आणि कोण बाहेरचा, हा वाद मराठवाड्यात भाकरी खाऊन तरी घालू नये.

तेव्हा यजमानपण कायमचे कुणाचेच नसते. इबादानच्या भोजनगृहात इंग्रज यजमान होता, आज नाही. हैदराबादच्या चौकीवर जो यजमान होता तो दहा वर्षांत पाहुणा झाला. पण यजमानपण करण्याची रीत मात्र टिकवता येते. नांदेडला तिचा नमुना रोज पाहायला मिळतो. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली इथे निर्वाण झाले, त्या हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही पंगतीत बसून जेवू शकतो. नाव विचारले जात नाही, काय खाता असे विचारले जात नाही. मेसचे पैसे संपलेला मुलगा कुठल्याही धर्माचा असो, तिथून उपाशी परतत नाही. दस्तरखानाच्या आठवणी काढणाऱ्या आपल्या समाजाला गोदाकाठचा हा धडा रोज डोळ्यांसमोर आहे.

आणखी एक धडा नायजेरियन मुलींकडून घ्यायचा आहे. गेले बांधलेल्या त्या मुली यजमान म्हणून मेजाशी बसतात, भाषण करतात, पाहुण्यांचे स्वागत करतात. उस्मानियाच्या त्या वसतिगृहांतली चौकी मुलग्यांची होती. आजही आपल्या घरच्या दावतीत पुरुषांचा दस्तरखान आधी पडतो आणि दिवसभर चुलीपुढे राबलेली बाई शेवटी उरलेल्यावर बसते. शिरकुर्म्याचे कौतुक सगळे करतात, करणारीचे नाव कुणी घेत नाही. नांदेड-लातूरच्या कॉलेजांत आता आपल्या मुली शिकत आहेत. त्यांना मुदपाकखान्यातून दस्तरखानावर, यजमानाच्या जागी आणल्याशिवाय आपल्या मेजबानीला अर्थ नाही.

आमची सूचना साधी आहे. नांदेड आणि लातूरमध्ये शिकणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांनी वर्षातून एक संध्याकाळ ठरवावी. वर्गणी काढावी, ट्रंकेतली शेरवानी बाहेर काढून उन्हात वाळवावी, मुलींनी हवा तो पोशाख करावा. बगारा खाना, दालचा आणि बाजूला ज्वारीची भाकरी. वर्गातल्या सगळ्यांना बोलवावे; ज्याने खोली नाकारली त्या घरमालकालाही. जो मांसाहार करत नाही त्याचे ताट आधी वाढावे. ज्याला आपली प्रार्थना म्हणायची आहे त्याला म्हणू द्यावी. १९३८ साली जे चुकले ते आपल्याला एका जेवणापुरते दुरुस्त करता येईल. आणि विद्यापीठात परदेशातून शिकायला आलेला एखादा विद्यार्थी असेल, तर त्याला सांगावे की पुढच्या वर्षी तू वाढ, आम्ही जेवायला येतो.

त्याने बोलावले की मात्र जायला हवे. बोलावणे देणे अर्धी तहजीब आहे; परक्याच्या दस्तरखानावर विश्वासाने बसून पहिला घास घेणे ही उरलेली अर्धी.